देवघराचं सागवान

कोपऱ्यावरची वखार बंद झाली. आईच्या देवघरासाठी दोन घनफूट सागवान आणायला गेलो, तर दाराला कुलूप. वीस वर्षांचं येणंजाणं होतं, पोटात कालवलं.

मग तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे प्लायवूड, एमडीएफ, सनमायका. शेवटी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट गाठलं. तिथल्या काकांचा पहिला प्रश्न, "सीपी देऊ की आफ्रिकन?" सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग, आपल्या चंद्रपूर-बल्लारशाकडचा. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते तिथूनच. भाव ऐकून गप्प बसलो.

काका मला मागच्या बाजूला घेऊन गेले. पाडलेल्या वाड्याची एक तुळई पडली होती, वरून काळी, धुळकट, खिळ्यांच्या भोकांची. त्यांनी रंध्याचे दोन हात मारले आणि आतून मधासारखा रंग निघाला. तो तेलकट वास अजून हाताला आहे! इतकं मुरलेलं लाकूड आता वाकायचं नाही. तीच घेतली. खिळे मात्र एकूण एक काढायला हवेत, नाहीतर करवतीचं पातं जायचं.

कोथरूड-वारज्याकडे अस्सल लाकडाची एखादी वखार अजून चालू असेल तर नक्की सांगा.