खंड 11, अंक 7

सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखती जवळ आल्या की आमच्या विभागात सराव मुलाखती होतात. टेबलाच्या पलीकडे आम्ही तिघे, अलीकडे उमेदवार. सुरुवात मात्र प्रश्नांनी होत नाही, फायलीने होते. त्या शनिवारी चौथी आलेली मुलगी वनस्पतिशास्त्राची. हरभऱ्याच्या मर रोगावर, म्हणजे रोप वाळवणाऱ्या बुरशीवर पीएचडी, 4 वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवलेलं. विद्यापीठातली खरी मुलाखत 11 दिवसांवर होती.

गुणांचा हिशोब तिने स्वतःच मांडून आणला होता. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीतला विद्यापीठांसाठीचा तक्ता घेऊन: बीएस्सी 64 टक्के म्हणून 13, एमएस्सी 68 टक्के म्हणून 23, पीएचडीचे 30, नेट या पात्रता परीक्षेचे 5, पाच शोधनिबंधांचे प्रत्येकी 2 प्रमाणे 10, अनुभवाचे वर्षाला 2 प्रमाणे 8. बेरीज 89. त्या नियमावलीत हे गुण फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढ्यापुरते आहेत, निवड मुलाखतीवर. म्हणून बोलावणं आलं की उमेदवार हा कागद विसरतात. पण मूळ कागदपत्रांची पडताळणी मुलाखतीच्या दिवशी सकाळी होते, आणि तिथे आकडा घसरला की आत जाण्याआधीच तोंड उतरतं.

पहिली घसरण अनुभवात. सीएचबीच्या नेमणुकीची पत्रं बघितली तर दर वर्षी 8 महिन्यांची. वर्षापेक्षा कमी काळ असेल तर गुण त्या प्रमाणात कमी होतात. म्हणजे एकूण 32 महिने, गुण 5.33. वर एका वर्षाच्या नेमणुकीला विद्यापीठाचं मान्यतापत्रच नव्हतं. ते महाविद्यालयाच्या कार्यालयातून काढायला आठवडा जातो, आणि तो कारकून रजेवर असेल तर दोन.

खरी गोष्ट पुढे होती. तिसऱ्या शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर छापलं होतं: खंड 11, अंक 7. त्याच पानावरचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आयएसएसएन पोर्टलवर टाकला. मूळ नियतकालिक एका जुन्या अभ्यास संस्थेचं, अर्धवार्षिक, फक्त छापील. वर्षाला दोनच अंक, तर सातवा आला कुठून? त्याच अंकाची अनुक्रमणिका उघडली: हिच्या बुरशीच्या आधी बँकांची थकीत कर्जं, नंतर संतसाहित्य. निबंध पाठवल्यापासून 4 दिवसांत स्वीकृती. संपादकांचा पत्ता जीमेलचा. मूळचं नाव आणि क्रमांक उचलून दुसऱ्याच कोणीतरी संकेतस्थळ थाटलं होतं. पाचवा निबंधही तिथलाच.

"सर, पण ते यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या केअर यादीत होतं. मी स्वतः बघितलं होतं."

नाव यादीत होतंच, पण मूळ नियतकालिकाचं. फसतात ते इथेच. यादीत नाव शोधून थांबायचं नसतं. अंकांची संख्या, प्रकाशक आणि निबंध छापायचे पैसे कोणाच्या खात्यात गेले, हे तिन्ही जुळवायचं असतं. ती यादी यूजीसीने 2025मध्ये बंद केली, त्यामुळे आता ही पारख उमेदवाराच्याच गळ्यात आहे.

अनुभवाचे 2.67 आणि या दोन निबंधांचे 4 गेले, 89चे 82.33 झाले. ती काही वेळ गप्प बसली. मग आम्ही मुलाखतीत घ्यायच्या नमुना पाठाकडे वळलो, मुद्दामच.

पाठाला 10 मिनिटं, विषय सी-फोर प्रकाशसंश्लेषण, म्हणजे ज्वारीसारख्या पिकांची कार्बन डायऑक्साइड पकडायची पद्धत. तिच्याकडे 22 स्लाइड होत्या. शोध कोणी लावला, व्याख्या, वर्गीकरण यातच साडेचार मिनिटं गेली आणि पानाची आकृती आलीच नाही. दुसऱ्या खेपेला संगणक बंद करायला लावला. फळ्यावर आधी दोन शब्द: गहू, ज्वारी. कडक उन्हात कोण टिकतं? मग पानाचा छेद: बाहेर मेसोफिल पेशी, शिरेभोवती बंडल शीथचं कडं. बाहेरच्या पेशीत पेप कार्बोक्झिलेज हे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइड पकडतं, आतल्या कड्यात तो सोडला जातो, त्यामुळे तिथल्या रुबिस्को या विकराला चुकून ऑक्सिजन पकडायला फारसा वाव राहत नाही. तिसऱ्या मिनिटाला आकृती पूर्ण, शेवट 9 मिनिटं 40 सेकंदांवर. खडूचा हात जरा थरथरत होता, चालतं.

प्रबंधावर एकच प्रश्न अडला. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीने रोगकारक बुरशीची वाढ किती टक्के रोखली हे तिने धडाधड सांगितलं. प्रत्येक प्रयोगाला बुरशी वाढवायच्या तीनच प्लेट का, यावर उत्तर आलं, "गाइडनी सांगितलं होतं." हे उत्तर खऱ्या मुलाखतीत दिलं तर पुढचे चार प्रश्न त्यावरच येतात. एका प्लेटवरून चढउतार कळत नाही, दोनमध्ये फरक पडला तर कुठली धरायची कळत नाही, तीनपासून निदान सरासरीभोवतीचा पसारा थोडाफार मोजता येतो. जास्त घेतल्या असत्या तर बरं, इन्क्युबेटरमध्ये जागा नव्हती. हे असंच, जागेच्या अडचणीसकट सांगायचं.

अर्ज आधीच जमा झालेला, मग त्या दोन निबंधांचं काय? माझं मत स्पष्ट होतं: पडताळणीच्या आधीच कुलसचिवांना लेखी कळवून ते अर्जातल्या निबंधांच्या यादीतून मागे घ्यायचे, सुधारित बेरजेसकट, आणि पोच घेऊन ती प्रत फायलीत सगळ्यात वर लावायची. माझा एक सहकारी म्हणाला, कोण बघतंय. निवडयादीत खाली राहिलेला उमेदवार बघतो, आणि माहितीच्या अधिकारात फाइल मागवतो.

साडेसहाला तिने मसुदा दाखवला. पाच ओळी होत्या. त्यातली "अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे" ही ओळ मी खोडली आणि तिथे दोन्ही निबंधांचे खंड, अंक आणि पृष्ठक्रमांक लिहायला सांगितले.