तुम्ही विचारलंत म्हणून

"पाच महिने भरले होते ना गं तिचे? तेव्हा तू तिला बोललीस तरी काय?" रंकाळ्यावर गाठून, भिशीत बाजूला घेऊन विचारता. तुमच्याही घरात नुकतंच तसं काही झालेलं असतं, म्हणून चिडता येत नाही. तरी चिडते. तुम्हाला एक वाक्य हवं असतं, आणि माझं तेच पार चुकलं होतं.

बाविसाव्या आठवड्यात तिचं बाळ गेलं. तिसऱ्या दिवशी मी पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी म्हणाले, "वय आहे गं अजून. पुढच्या वर्षी या वेळेला बघ."

ती उठून बसली. गाऊनवर छातीशी दोन ओले डाग.

"हे पुढच्या वर्षीचं हाय व्हय?"

दूध आलं होतं. बाळाची वार पडली की दोन-चार दिवसांत छाती भरते. बाळ आहे की नाही, शरीराला कळत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर लोहाच्या गोळ्या होत्या, याबद्दल अक्षर नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पिळून टाक. डॉक्टरांना फोन लावल्यावर कळलं, पिळत राहिलं की आणखी येतं. थंड पट्ट्या ठेवा, दुखलंच तर थोडंसं काढा. दूध थांबवायची गोळी असते, तीही पहिल्या दिवशीच घेतलेली बरी. मी नॅपकिन गार पाण्यात पिळून देत राहिले. डबा उघडलाच नाही.

रजेचं मात्र मी बघितलं. ऑफिसनं आजारपणाची रजा लावली होती. तेव्हाच्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा होती (आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे), तो कागद छापून दिला. हे सांगताना मी जरा मिरवते, माहीत आहे.

"जिना चढली, पपई खाल्ली" म्हणणाऱ्यांशी भांडलेही. तिच्यासाठी, की माझं ते वाक्य झाकायला?

"आता विसरू दे की तिला," असंही म्हणता. मी दर महिन्याला त्या तारखेला जाते. एकटीनं आठवत बसू नये म्हणून, असं माझं मी ठरवलं. तिला कधी विचारलं नाही. गेल्या खेपेला दार उघडून ती बघतच राहिली.

"आज मी विसरलो होतो गं," म्हणाली. (आम्ही कोल्हापूरच्या, आपसात आलो-गेलोच.)

मग आत जाऊन तिनं चहा टाकला. मी चप्पल काढावी की नको, या विचारात दारातच उभी.