बोटीच्या ग्लँडची दोरी बदलली

आज मन भरलं. मित्राच्या जुन्या बोटीत बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या शाफ्टजवळून, म्हणजे फिरत्या दांड्याजवळून, पाणी येत होतं. नागपूरहून आमच्या ओळखीच्या पंप-दुरुस्तीवाल्या काकांना सोबत घेतलं आणि रामटेकजवळचा खिंडसी तलाव गाठला. बोट काठावर ओढली.

काकांनी आत डोकावलं न् म्हणाले, "अरे, हे तं विहिरीवरच्या पंपासारखंच हाय!"

खरंच तसंच. शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या दोरीचे वेढे आणि नट आवळून त्यांना दाबून धरणारा भाग, म्हणजे ग्लँड. जुनी दोरी वाळल्या चिंचेसारखी काळी, कडक झाली होती. तळाशी अडकलेला शेवटचा वेढा काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. तो आत राहिला तर नवी दोरी बसतच नाही. मग काकांनी शाफ्टवरून नख फिरवलं. खाच लागली नाही, जीव भांड्यात पडला.

नवे वेढे वेगवेगळे कापले, टोकं ४५ अंशात तिरपी, आणि एकाचा जोड दुसऱ्यावर येऊ दिला नाही.

बोट पाण्यात उतरवल्यावर मित्र ग्लँडचा नट आवळतच सुटला. काकांनी त्याचा हात धरला. "पुरे कर बावा, शाफ्ट जळन!" चालत्या शाफ्टला मिनिटाला दोन-चार थेंब लागतात, तेच त्याला थंड ठेवतात. इंजिन बंद केल्यावर मात्र एक थेंब नाही. ग्लँडला हात लावला, जेमतेम कोमट.

अशा कारागिरांना नुसतं 'पंपवाला' म्हणून मोडीत काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नवी दोरी थोडी दबतेच, म्हणून पुढच्या रविवारी नट पुन्हा तपासायचाय. काका येतो म्हणालेत.