तैवानला अपोस्टिल चालत नाही: माझा अनुभव

तैवानमधल्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला, तेव्हा अवघड भाग संपला असं मला वाटलं होतं. राहिली होती फक्त कागदपत्रं. एजंटाने नेहमीच्या सवयीने माझ्या पदवी प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावतात ते स्टिकर, करून आणलं. ते घेऊन मी तैवानच्या दिल्लीतल्या कार्यालयाकडे, म्हणजे तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरकडे गेले, तर खिडकीवरूनच परत पाठवलं. अपोस्टिल नको, मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन आणा आणि त्यानंतर आमचा शिक्का घ्या.

तीन आठवडे गेले, फी दुसऱ्यांदा भरली. प्रवेशाची मुदत जवळ येत होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती. पण हे असं का, हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून शोधायला बसले.

अपोस्टिल १९६१ च्या हेग करारावर चालतं. सदस्य देश एकमेकांचा शिक्का मान्य करतात. भारत त्यात २००५ मध्ये आला. तैवान त्यात नाही, कारण बहुतेक जग त्याला देश म्हणूनच मान्यता देत नाही. मी ज्या कार्यालयात गेले होते ते व्हिसा देतं, कागद प्रमाणित करतं, म्हणजे दूतावासाची कामं करतं. नावात मात्र दूतावास हा शब्द नाही. भारताने १९५० मध्ये बीजिंगशी, म्हणजे चीनच्या कम्युनिस्ट सरकारशी राजनैतिक संबंध जोडले आणि तैपेईशी, म्हणजे तैवानच्या सरकारशी ते आजही नाहीत. १९९५ मध्ये दोघांनी एकमेकांकडे कार्यालयं उघडली. आपलं तिथलं कार्यालय म्हणजे इंडिया-तैपेई असोसिएशन. नावावरून एखादी मैत्री संघटना वाटेल, पण तिथल्या भारतीयांच्या पासपोर्टचं काम तिथेच होतं.

व्हिसा लागल्यावर बाबांनी पासपोर्ट उघडला आणि दचकून विचारलं, "अगं, हा तर चीनचा व्हिसा!" त्यावर रिपब्लिक ऑफ चायना असं छापलेलं होतं. मग त्यांना सगळं सांगत बसले. १९४९ मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरलेलं सरकार तैपेईला आलं, ते हेच नाव घेऊन. संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा १९७१ पर्यंत त्याच्याकडे होती. त्या वर्षी २७५८ क्रमांकाच्या ठरावाने ती बीजिंगला गेली. अमेरिकेनेही १९७९ मध्ये मान्यता बीजिंगकडे वळवली. जानेवारी २०२४ मध्ये नाउरू या देशाने साथ सोडल्यावर तैपेईला मान्यता देणारे १२ उरले, त्यांत व्हॅटिकन धरून. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे घर आहे, माणसं आहेत, फक्त सातबाऱ्यावर नाव नाही."

मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. १९३३ चा माँटेव्हिडिओ करार राज्यासाठी, म्हणजे स्वतंत्र देशासाठी, चार गोष्टी मागतो: कायमची लोकवस्ती, ठरलेला भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. तैवानची लोकसंख्या सुमारे २.३ कोटी. स्वतःचं चलन आणि सैन्य आहे, १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला जातो. इतरांनी मान्यता दिली नाही तरी राज्याचं राजकीय अस्तित्व टिकतं, असंही तोच करार म्हणतो. बीजिंगचा दावा मात्र तैवान हा आपलाच प्रांत आहे असा आहे, आणि आपल्याशी संबंध हवे असतील तर तैपेईशी तोडा, ही त्याची अट आहे.

तिथे पोचल्यावर एका ऑनलाइन फॉर्ममध्ये सध्याचा देश निवडायचा होता. यादीत होतं: 'तैवान, चीनचा प्रांत'. लॅबमधली तैवानी मैत्रीण शेजारीच बसली होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि नजर वळवली. दुसरा पर्याय नव्हता, मी तोच निवडला. एका चुकीच्या स्टिकरपायी मला तीन आठवडे इतका त्रास झाला होता. ती लहानपणापासून असेच फॉर्म भरत आली आहे. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "सबमिट कर, नाहीतर पान बंद पडेल."