पातळ दूध

दीड महिन्याच्या लसीला आलेलं बाळ एरवी पाच मिनिटांत हातावेगळं होतं. वजन, डोक्याचा घेर, दोन्ही मांड्यांना सुया, तोंडात पोलिओ आणि रोटाचे थेंब, बाळाचा टाहो, आईच्या डोळ्यांत पाणी, तापाच्या औषधाची चिठ्ठी, चला पुढचं. त्या बुधवारी बाहेरची बाकं भरून माणसं दाराशी उभी होती आणि माझा हात भराभर चालला होता. या मुलीला काट्यावर ठेवलं आणि हात थांबला.

३ किलो १४० ग्रॅम.

फाइल उघडली. जन्माच्या वेळी २७००. पंधराव्या दिवशी २६२०. तिसाव्या दिवशी ३०२०. म्हणजे आधीच्या पंधरवड्यात चारशे ग्रॅम आणि या पंधरवड्यात जेमतेम १२०. या वयाचं बाळ दिवसाला वीस-तीस ग्रॅम सहज घेतं, ही आठ घेत होती. लंगोट काढून पाहिलं, दुसऱ्या काट्यावर ठेवलं. आकडा तोच.

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. "हिचं दूध पातळ आहे हो मॅडम. पिळून वाटीत घेतलं तर निळसर पाणी दिसतं नुसतं."

सून काहीच बोलली नाही. मुलीचं टोपडं सारखं करत बसली.

हे बाळ माझ्या ओळखीचं होतं. सिझेरियन, दिवस भरायला थोडे कमी, त्यात कावीळ. दूध ओढता ओढताच झोपून जायचं. पान्हा चौथ्या दिवशी आला, तोवर प्रसूतिगृहातच डब्याची पावडर सुरू झालेली. घरी गेल्यावर तीही बंद केली, कारण कुणीतरी सांगितलं की एकदा वरचं दूध लागलं की मूल अंगावर पीत नाही. पंधराव्या दिवशी आले तेव्हा मुलगी जन्मापेक्षा हलकी. मी बाळाला छातीशी नीट धरायला शिकवलं आणि फाइलवर लिहिलं : आधी अंगावर, दोन्ही बाजूंनी, मग वरचं ४० मि.लि., दिवसातून सहा वेळा. वजन वाढायला लागलं, मलाही बरं वाटलं. ही झाली माझी बाजू. त्या बाजूतलं भोक मला या बुधवारी दिसलं.

"आता वरचं किती देता?"

"नव्वद मिली, आठ वेळा," आजी म्हणाल्या. "तरी रडते. मग आणखी देतो. आई फक्त रात्री पाजते, तेवढंच."

हिशेब बसेना. आठ वेळा नव्वद म्हणजे सातशे वीस. या वजनाच्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण दीडशे मि.लि. पुरतं, म्हणजे पावणेपाचशेच्या आसपास. शिवाय रात्रीचं आईचं वेगळं. इतकं पोटात जाऊन वजन हलत नाही म्हणजे एक तर दूध बाहेर पडतंय, नाहीतर पचत नाही, नाहीतर काही आजार आहे. उलट्या? नाही. जुलाब? नाही. ताप? नाही. हृदयाचे ठोके ठीक, फुप्फुसं स्वच्छ. शू किती वेळा?

"बारा-तेरा लंगोट होतात दिवसाला. सगळे भिजलेले."

इथे मी फसले असते. आम्हीच सगळ्यांना सांगत असतो की दिवसाला सहाहून जास्त वेळा शू म्हणजे दूध पुरतंय. हिची तर दुप्पट. पण बारा लंगोट ओले आणि अंगावर मांस नाही, म्हणजे आत जातंय ते बरंचसं पाणीच. आईचं दूध पातळ म्हणत होते सगळे, पण ती तर फक्त रात्री पाजत होती. मग दिवसभराचं पाणी कुठलं?

"आजी, दूध बनवता कसं? मला करून दाखवाल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू चहा करून दाखवा म्हटलं. पण पिशवीत सगळं होतं. थर्मास, उकळलेल्या दोन बाटल्या, पावडरचा भलामोठा डबा, स्टीलच्या डबीत चमचा. बाहेरची गर्दी दहा मिनिटं थांबेल असं मी सिस्टरांना सांगितलं. सिस्टरांचा चेहरा पडला.

आजींनी बेसिनवर साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. धुतलेल्या रुमालाला पुसले. थर्मासमधलं वाफाळतं पाणी आधी बाटलीत, बाटली डोळ्यांसमोर धरून नव्वदच्या रेघेपर्यंत. ही पावडर निर्जंतुक नसते, त्यामुळे पाणी किमान सत्तर अंश तरी गरम हवं. कितीतरी घरांत कोमट पाण्यात कालवतात, इथे तीही चूक नव्हती. मग डबीतला चमचा काढला, डब्यात खुपसला आणि सुरीच्या पाठीने वरची पावडर सपाट केली. एक चमचा. मग अर्धा, तोही सुरीने रेघ मारून. झाकण, हलवणं, बाटली नळाखाली धरून गार करणं, मनगटावर थेंब. मी वॉर्डात नव्या नर्सना शिकवते त्याहून नेटकं.

"दीडच का?"

"मुलाने लिहून दिलंय. फ्रिजवर लावलंय."

सुनेने मोबाइलमध्ये फोटो दाखवला. लोहचुंबकाखाली चिठ्ठी, नीटस अक्षरात : ६० मिली = १ चमचा. ९० = १॥.

आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर तीस मि.लि.ला एक चमचा असतो. मी डबा फिरवून पाहिला. सगळं इंग्रजीत, मापं औंसांत. दोन औंस पाण्याला एक स्कूप.

"हा डबा कुठला?"

"न्यू जर्सीची आत्या आली होती ना बारशाला. मोठ्ठे दोन आणले तिने. तिकडचं चांगलं असतं."

दोन औंस म्हणजे साठ मि.लि. बाळाच्या वडिलांनी हिशेब अचूक केला होता. चिठ्ठीत काना-मात्रेचीही चूक नव्हती. मग मी चमचा हातात घेतला. डब्याच्या झाकणाचा रंग एक, चमच्याचा दुसराच.

"हा याच डब्यातला?"

"नाही, तो पहिल्या, इथल्या डब्यातला. तो उकळून उकळून तयार झालाय, हाताला बसलाय. नव्यातला आहे आतच, झाकणाला अडकवलेला. म्हटलं चमचा तो चमचा."

झाकण उलटं केलं. खाचेत नवा चमचा होता, न वापरलेला. चांगला पोटाळ, दुसऱ्याच्या पुढे थोरला भाऊ वाटावा असा. मी काहीच बोलले नाही. टेबलावर कागद पसरला, जुना चमचा पावडरने भरून, सुरीने सपाट करून नव्यात ओतला. नवा अर्धा भरला. आणखी एक ओतला. काठोकाठ.

खोलीत कुणी बोलेना. आजी त्या भरलेल्या चमच्याकडे बघत राहिल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यांना मी काय समजावणार? पंधरा दिवस मुलीला निम्म्या ताकदीचं दूध गेलं होतं, रोज आठ वेळा, अतिशय स्वच्छ हातांनी. आणि पावडरचं दूध कसं, अर्ध्याला अर्धं पाणी घातलं तरी पांढरंशुभ्रच दिसतं. आईचं सुरुवातीचं दूध निळसर दिसतं, घट्ट साय असलेलं नंतर येतं, तेव्हा दोष कुणाला लागला ते सांगायला नको.

भूक भागेना म्हणून मूल रडे. रडे म्हणून बाटली वाढली. बाटली वाढली तसं दिवसाचं अंगावर पाजणं सुटलं, आणि पाजणं सुटलं तसं आईचं दूध खरोखरच आटायला लागलं.

"म्हणजे," सून पहिल्यांदाच बोलली, "माझं दूध पातळ नव्हतं?"

"तुझ्या रात्रीच्या दुधावर तगली ती," मी म्हटलं.

ती रडली. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला, मग पुन्हा ठेवला.

रक्त तपासलं. सोडियम १३१, १३५ च्या वर हवं. पाणचट दुधाचा धोका एवढ्यापुरता नसतो, हे इथे सांगायलाच हवं. तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना जादा पाणी झपाट्याने बाहेर टाकता येत नाही. सोडियम फार उतरलं तर झटके येतात. शिकत असताना वॉर्डात असं एक बाळ मी पाहिलंय, डबा महिनाभर पुरवायचा म्हणून पावडर कमी घालत होते घरचे. इथे पैशाचा प्रश्न नव्हता, उलट सातासमुद्रापारचा महागडा डबा होता. लस मात्र दिली, तेवढ्या वजनासाठी ती अडवत नाहीत.

आता माझ्या बाजूतल्या त्या भोकाबद्दल. पंधराव्या दिवशी मी 'वरचं ४० मि.लि.' लिहिलं, पण कुठला डबा, पाणी कसलं, चमचा कुठला, हे विचारलं नाही. तिसाव्या दिवशी वजन चांगलं दिसलं म्हणून तेव्हाही नाही. माझ्या भिंतीवर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं पोस्टर आहे आणि ते मी मनापासून लावलंय. १९९२ च्या कायद्याने पावडरच्या डब्यांची जाहिरात आणि फुकट नमुने बंद केले, ते उत्तमच झालं. पण आम्हा डॉक्टरांची गंमत अशी झालीय की डब्याचं नाव काढलं की आपण त्याची भलामण करतोय असं वाटतं. मग 'लागलं तर वरचं द्या' एवढं पुटपुटून आम्ही मोकळे होतो. आईला ते लपूनछपून केल्यासारखं वाटतं आणि कसं करायचं ते शेजारीण नाहीतर यूट्यूब सांगतं.

त्या दिवशी मग नीट सांगितलं. चिठ्ठी बरोबर आहे, चमचा बदला, आणि 'दीड' खोडा. एक चमचा सपाट भरून, साठ मि.लि., तेवढंच. उरलेलं ठेवायचं नाही, फेकायचं. दिवसातून आठ-दहा वेळा आधी आईजवळ, मग पाच-सहा वेळा ही भर. रात्रीचं पाजणं अजिबात सोडायचं नाही, दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जोरात असतं.

"पण दिवसा आता काही येतच नाही हो," सून म्हणाली.

"आजी, तुमची विहीर आहे ना कोरेगावला? दोन वर्षं उपसली नाही तर?"

"झरे बुजतात," आजी म्हणाल्या. मग हळूच, "बाटलीने सवय मोडली असेल ना तिची?"

थोडी मोडली होती. बाटलीतून आपोआप येतं, आईकडे ओढावं लागतं. भर वाटी-चमच्याने द्या म्हटलं तर आजींचा चेहरा उजळला. बाळाच्या बाबाचं चांदीचं बोंडलं घरी होतं, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. उकळून घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, ते काय सांगायला हवं?

चौथ्या दिवशी वजनाला आले, १६० ग्रॅम वाढले होते. सोडियम १३७. पुढच्या आठवड्यात मुलगी काट्यावर हातपाय झाडायला लागली. आईचं दूध परत आलं, पण सगळं नाही. साडेतीन महिन्यांच्या लसीला आली तेव्हा ४ किलो ८५०, आणि रोज दोन वेळा डब्याचं चालूच होतं. सूनबाईने जरा बिचकतच सांगितलं ते. मी फाइलवर लिहून घेतलं : दोन वेळा, ९० मि.लि., इथला डबा, चमचा डब्यातलाच, तीन.

निघताना आजींनी पर्समधून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. तोच जुना चमचा.

"हा फेकवत नाही हो मॅडम. घरात ठेवायची तर भीती वाटते."

मी म्हटलं, मिठाच्या बरणीत टाका. त्या विचारात पडल्या. "मिठाला मोठा होईल," म्हणाल्या, "हळदीला बरा."