मेरी केटचे साडेतीनशे पौंड

लेक डब्लिनला नोकरीला लागून दोन वर्षं झाली तरी माझं तिच्याकडे जाणं होत नव्हतं. शेवटी गेले, आणि तिसऱ्याच दिवशी विचारलं, "काँग किती लांब आहे गं इथून?" तिला वाटलं मी हाँगकाँग म्हणतेय.

काँग हे आयर्लंडच्या पश्चिमेचं एक चिमुकलं खेडं. मेयो काउंटीच्या अगदी काठावर, कॉरिब आणि मास्क या दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं. १९५१च्या उन्हाळ्यात दिग्दर्शक जॉन फोर्ड आपला सगळा लवाजमा घेऊन इथे उतरला आणि त्याने 'द क्वाएट मॅन' चित्रित केला. नायक जॉन वेन, नायिका मॉरीन ओ'हारा. आमच्या घरी व्हीसीआर आला तेव्हा ह्यांनी कुठूनशी या सिनेमाची कॅसेट पैदा केली होती. ती फीत झिजून पडद्यावर मुंग्या दिसायला लागेपर्यंत आम्ही पाहिली. लेक तेव्हा जन्मलीही नव्हती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी डब्लिनच्याच रॅनला भागात चक्कर मारली. लुअस या इथल्या ट्रामच्या हिरव्या मार्गावर बीचवुड नावाचा थांबा आहे, तिथे उतरलं की लाल विटांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या गल्ल्या लागतात. १७ ऑगस्ट १९२० रोजी मॉरीन, तेव्हाची फिट्झसायमन्स, जन्मली ती इथल्याच बीचवुड अव्हेन्यूवर. सहा भावंडांतली दुसरी. आई गाणारी, वडील कपड्यांच्या धंद्यातले आणि फुटबॉलचे असे वेडे की शॅमरॉक रोव्हर्स या क्लबात त्यांनी भागीदारीच घेतली. मुलगी चौदाव्या वर्षी अ‍ॅबी थिएटरात शिकायला लागली. त्या गल्लीत पाहण्यासारखं खरं तर काही नाही. एक आजोबा कुत्रं फिरवत होते, एका खिडकीत दिवा होता. तरी मी दोन वेळा त्या टोकापासून या टोकापर्यंत चालले. लेकीने मोबाइल काढला आणि ती मुकाट्याने थांबली.

दुसऱ्या दिवशी ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेची गाडी. अडीच तासांचा प्रवास, खिडकीबाहेर गाई, दगडी बांध, पुन्हा गाई. लेकीला बाकीची गोष्ट सांगायला भरपूर वेळ होता. लंडनला दिलेली स्क्रीन टेस्ट मॉरीनला स्वतःलाच आवडली नव्हती. चार्ल्स लॉटन या नटाने मात्र तीत तिचे डोळे पाहिले आणि करार पुढे केला. फिट्झसायमन्स हे आडनाव थिएटरच्या पाटीवर मावणार नाही म्हणून ओ'मारा किंवा ओ'हारा, यातलं एक निवड, असं त्याने सांगितलं. तिला बदलायचंच नव्हतं. शेवटी ओ'हारा झाली. १९३९ साली आधी हिचकॉकचा 'जमैका इन', मग हॉलिवुडला जाऊन लॉटनबरोबरच 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दोन वर्षांनी फोर्डचा 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली', ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पुढे रंगीत सिनेमाचं प्रस्थ वाढलं तेव्हा लाल केस आणि हिरवे डोळे घेऊन ही जणू त्याच्यासाठीच जन्मल्यासारखी होती. तिला टेक्निकलरची राणी म्हणायचे. याचा तिला जाचच जास्त झाला असावा असं मला वाटतं. निम्म्या भूमिका चाच्यांच्या जहाजावर तलवार घेऊन उभं राहण्याच्या!

गॉलवेहून पुढे बस. ती अर्धा तास उशिरा आली, आणि काँगला उतरलो तेव्हा पाऊस असा होता की छत्री उघडावी तर थांबतो, मिटावी तर येतो.

गाव दहा मिनिटांत संपतं. मधोमध जुना दगडी क्रॉस, सिनेमात कोहॅनचा बार म्हणून दाखवलेली इमारत (तेव्हा ते वाणसामानाचं दुकान होतं, बार नंतर झाला), ओढ्याकाठी 'क्वाएट मॅन'चं छोटं संग्रहालय. गवताने शाकारलेलं पांढरं घर, आत सिनेमातल्या घरासारखीच मांडामांड. आणि मग तो पुतळा: जॉन वेन मॉरीनला दोन्ही हातांवर उचलून घेऊन चाललाय. २०१३ साली बसवलेला. समोर एक जोडपं तसाच फोटो काढायच्या खटपटीत होतं. नवऱ्याने दोनदा प्रयत्न केला, कमरेतून कळ आल्यासारखा चेहरा केला आणि बायकोला खाली ठेवलं.

लेकीने मात्र संग्रहालयात लागलेलं दुसरंच चित्र पाहिलं होतं. नायक नायिकेला हाताला धरून शेतातून फरफटत नेतोय, मागे अख्खं गाव मजा बघत चाललंय. "आणि हे तुम्ही दोघं फीत झिजेपर्यंत बघत होतात?" तिने विचारलं.

तिचं काय चुकलं? त्या प्रसंगात एक म्हातारी नायकाला छानशी काठी देऊ करते, बायकोला बडवायला. आज पाहताना अंग आकसतं. मला तेव्हाही ते खटकलं होतं, ह्यांना नाही. शूटिंगच्या वेळी त्या उतारावर मेंढ्यांच्या लेंड्या होत्या. मॉरीनने नंतर सांगितलं की फोर्ड आणि वेन मुद्दाम आणखी लेंड्या तिच्या वाटेत लाथाडायचे आणि ती व तिच्या मैत्रिणी त्या बाजूला सारायच्या. शॉट झाल्यावर अंग धुवायलाही फोर्डने लगेच सोडलं नाही. याच सिनेमात वेनच्या थोबाडीत मारताना त्याने हात मध्ये घातला आणि तिच्या मनगटाचं हाड चिरलं. ती तशीच काम करत राहिली.

पण गोष्ट फरफटीची नाही, पैशांची आहे. सिनेमातली नायिका मेरी केट डॅनहर, तिचा भाऊ तिचे साडेतीनशे पौंड आणि आईचं सामानसुमान अडवून धरतो. अमेरिकेतून आलेल्या नवऱ्याला वाटतं, कशाला हवेत ते पैसे, माझ्याकडे आहेत की. मेरी केटला ते हवेतच. त्याशिवाय आपण या घरात बायको नाही, फुकट आलेली मोलकरीण, असं तिला वाटतं. आपल्याकडे हा सिनेमा कुणाला सांगायला गेलं की घोळ होतो, कारण तोंडात पहिला शब्द येतो हुंडा, आणि हुंडा म्हटलं की आपलं डोकं तापतं, तापायलाच हवं. पण मेरी केट मागते ते सासरच्यांसाठी नाही. तिच्या आईची खुर्ची, तिच्या आईची भांडी, तिने साठवलेलं तिचं. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर स्त्रीधन. मी हे सगळं लेकीला चहा पिता पिता सांगितलं. ती म्हणाली, "तरी फरफटणं फरफटणंच."

पाऊस थांबला तसं आम्ही बाराव्या शतकातल्या मठाच्या भग्न कमानींतून नदीकडे गेलो. तिथे मठवाल्यांचं मासे धरायचं दगडी घर पाण्यावरच बांधलंय. जमिनीला भोक, त्यातून जाळं खाली सोडायचं, मासा लागला की स्वयंपाकघरातली घंटा वाजायची म्हणे. गावाबाहेर कोरडा कालवाही आहे. दुष्काळाच्या काळात लोकांना काम मिळावं म्हणून दोन सरोवरं जोडायला हा खणायला घेतला. खालचा चुनखडीचा दगड पाणी धरेचना, १८५४ साली काम सोडून दिलं. दगडी बांधकाम अजून उत्तम, पाणी मात्र नाही. त्याच्या काठावर बसून लेकीला उरलेलं आयुष्य सांगितलं, आणि खरं सांगायचं तर फरफटीला माझं उत्तर तेच होतं.

१९४६ साली मॉरीन अमेरिकेची नागरिक व्हायला गेली तर कागदावर तिला ब्रिटिश ठरवून टाकलं होतं. तिने शपथ घ्यायला नकार दिला. मी आयरिश आहे, ब्रिटनशी माझी निष्ठा कधी नव्हतीच, मग ती सोडू कशी? वाद घालून तिने कागदावर आयरिश असं लिहून घेतलं. १९५७ साली एका भानगडीच्या मासिकाने तिच्यावर थिएटरातल्या चाळ्यांची गलिच्छ गोष्ट छापली. बाकीचे बहुतेक नट गप्प बसले असताना ही कोर्टात उभी राहिली आणि पासपोर्ट काढून दाखवला: तुम्ही म्हणता तेव्हा मी स्पेनमध्ये शूटिंगला होते.

लग्नं तीन. पहिलं घाईत झालं आणि रद्द झालं, दुसऱ्यातल्या दारूड्या नवऱ्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. तिसरा चार्ल्स ब्लेअर. वैमानिक. ती इथे काँगला यायच्या थोडंच आधी, १९५१च्याच मे महिन्यात, तो एक इंजिनाचं विमान घेऊन एकटा उत्तर ध्रुवावरून नॉर्वेहून अलास्काला गेला होता. लग्न १९६८ साली. कॅरिबियन बेटांवर पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची त्याची कंपनी होती. १९७८ साली तशाच एका विमानाच्या अपघातात तो गेला आणि कंपनी मॉरीनने हातात घेतली. वेळापत्रकावर चालणाऱ्या अमेरिकी विमान कंपनीची ती पहिली महिला अध्यक्ष. स्पर्धेतलं ऑस्करचं नामांकन मात्र तिला उभ्या जन्मात एकदाही मिळालं नाही. मानाचं ऑस्कर दिलं ते २०१४ साली, व्हीलचेअरवर बसलेली असताना. पुढच्या वर्षी पंचाण्णवाव्या वर्षी ती गेली, आणि अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत ब्लेअरशेजारी तिला पुरलं.

"विमान कंपनी?" लेक म्हणाली. "हे पुतळ्यात नाही दिसत."

रात्री गावातच मुक्काम होता. खोलीत हीटर लावून, पांघरुणात पाय घालून लॅपटॉपवर सिनेमा लावला. फरफटीला ती तोंड वाकडं करून गप्प बसली. मग ते पोचतात भावाच्या मळणीयंत्रापाशी. नवरा म्हणतो, पैसे नाहीत तर लग्न नाही, घे तुझी बहीण परत. भाऊ नोटा फेकतो. नवरा त्या उचलतो, बॉयलरच्या भट्टीकडे वळतो, आणि मेरी केट न सांगता पुढे होऊन भट्टीचं दार उघडून धरते. नोटा आत. मग ती ताठ मानेने, रात्रीचं जेवण तयार ठेवते असं सांगून, घरी निघते.

"थांब, थांब," लेकीने दृश्य मागे घेतलं. "दार तिने उघडलं?"

"तिने."

पुन्हा मागे घेतलं. तिसऱ्यांदाही. असं करत करत शेवटापर्यंत पोचायला साडेबारा वाजले. शेवटी मेरी केट नवऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटते, तो दचकून तिच्याकडे बघतो, आणि दोघं घराकडे पळतात. ते वाक्य फोर्डने तिला म्हणायला लावलं होतं; ती, फोर्ड आणि वेन या तिघांपलीकडे ते गेलं नाही आणि तिघांनीही ते कधी सांगितलं नाही.

"काय म्हणाली असेल गं?"

"झोप आता," मी म्हटलं. "सकाळी साडेआठची बस आहे."