टोकियोऐवजी तैपेई

पूर्व आशियातील एकच शहर पाहायचे असेल तर बहुतेक मराठी पर्यटक टोकियोचे नाव घेतात. त्यात गैर काही नाही. परंतु आम्हांला सोबत शाकाहारी आई-वडिलांना न्यायचे आहे आणि रजा दिवाळीतच मिळणार आहे. मी तिकडची प्रमुख शहरे कामानिमित्त पाहिलेली असल्याने घरच्यांनी निवड माझ्यावर सोपवली आणि मी तैवानची राजधानी तैपेई ठरवली.

जपानमध्ये खरी अडचण मांसाची नसून रश्श्याची आहे. सूप, नूडल्स, इतकेच काय पण उकडलेल्या भाजीतही ‘दाशी’ नावाचे जे पाणी वापरतात, ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून काढलेले असते, आणि वाढणाऱ्याला ते सांगण्याजोगे वाटतेच असे नाही. क्योतोमधील मठांच्या परंपरेतले शोजिन जेवण शाकाहारी असते, पण ते दोन्ही वेळा खिशाला परवडणारे नव्हे. दक्षिण कोरियातील सोलच्या किमचीतही, म्हणजे आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यातही, सहसा खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते.

तैपेईत मात्र बौद्ध आचारामुळे शाकाहारी खाणावळी सहज सापडतात. कित्येकांच्या पाटीवर डावीकडे वळलेले स्वस्तिक असते. आत मांडलेल्या भाज्या, टोफू आणि कडधान्यांमधून आपले ताट आपणच भरायचे आणि गल्ल्यावर ते तराजूत ठेवून वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. काटेकोर बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असल्याने चातुर्मास पाळणाऱ्या आईची तिथे मुळीच पंचाईत होणार नाही. ते जेवण आपल्या जिभेला मिळमिळीत लागते, म्हणून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी मी आधीच यादीत लिहिली आहे.

ऋतूचाही विचार केला. मे-जूनमध्ये तैपेईत पावसाची झड असते आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत वादळांची धास्ती असते, त्यामुळे शाळेच्या उन्हाळी सुट्टीपेक्षा दिवाळीनंतरचे दिवस तिथे कितीतरी सुखाचे.

पाहण्यासारखे काय, तर राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय. चीनमधील यादवी युद्धाच्या अखेरीस, १९४८-४९ मध्ये, बीजिंगच्या राजसंग्रहातील निवडक वस्तू पेट्यांत भरून तैवानला आणल्या गेल्या आणि १९६५ पासून त्या इथे मांडल्या आहेत. हिरव्या-पांढऱ्या जेडमध्ये कोरलेला, वीतभरही नसलेला कोबी आणि त्याच्या पानांवर बसलेले दोन कीटक पाहायला लोक रांग लावतात. वडील स्थापत्य अभियंता असल्याने त्यांच्यासाठी ५०८ मीटर उंचीचा तैपेई १०१ मनोरा आहेच. वाऱ्यात इमारतीचे हेलकावे कमी व्हावेत म्हणून आत टांगलेला ६६० टनांचा पोलादी गोळा जवळून पाहता येतो. गुडघे दुखू लागले की बेइतौचे गरम पाण्याचे झरे मेट्रोच्या टप्प्यात आहेत.

मासे चालत असतील, चढ-उतार झेपत असतील आणि रजा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मिळत असेल, तर मात्र मी क्योतोच सांगेन. हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी असलेल्या त्या शहरात लाल झालेल्या मेपलखाली गर्दी अफाट असते, तेव्हा देवळे सकाळी उघडताच गाठावीत.